ॲल्युमिनियमचा हीटसिंक: हिशोब, निवड आणि बसवणी (नवशिक्यांसाठी)

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हीटसिंक (तापणाऱ्या भागाची उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) मागितला की दुकानदार विचारतो, "किती इंच पाहिजे?" नवशिक्याकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं. मग तो अंदाजाने एखादा जाडजूड तुकडा उचलतो आणि काम झालं असं समजतो. हीटसिंकचं खरं माप मात्र इंचात सांगता येत नाही, ते 'अंश प्रति वॅट' या आकड्यात असतं. हीटसिंकमध्ये एक वॅट उष्णता सोडली तर तो भोवतालच्या हवेपेक्षा किती अंश सेल्सिअस जास्त तापेल, हे तो आकडा सांगतो. आकडा जितका लहान तितका हीटसिंक चांगला.

जळालेला ट्रान्झिस्टर किंवा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) उघडून पाहिला तर बहुतेक वेळा ॲल्युमिनियम कमी पडलेलं नसतं. कमी पडलेले असतात दोन सांधे. पहिला, तो भाग आणि हीटसिंक यांच्यामधला. दुसरा, हीटसिंक आणि बाहेरची हवा यांच्यामधला. म्हणून या लेखात धातूबद्दल थोडं आणि या दोन सांध्यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

पायरी १: किती वॅट तापतंय ते आधी काढा

हा हिशोब झाल्याशिवाय बाजारात जाऊ नका.

लिनिअर रेग्युलेटरचा (जास्त व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग) हिशोब सर्वांत सोपा: आत येणारा व्होल्टेज वजा बाहेर जाणारा व्होल्टेज, गुणिले करंट. ७८०५ ला १२ व्होल्ट दिले आणि ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतला, तर ७ × ०.५ म्हणजे ३.५ वॅट.

ब्रिज रेक्टिफायरमध्ये (एसीचं डीसी करणारा भाग) एका वेळी दोन डायोड चालू असतात. दोघांचा मिळून साधारण २ व्होल्ट ड्रॉप धरा. केबीपीसी३५१० मधून १० अँपिअर घेतले तर जवळपास २० वॅट. त्यावर '३५ अँपिअर' लिहिलेलं असतं, पण तो आकडा चांगल्या हीटसिंकवर बसवल्यावरचा आहे. उघड्या ब्रिजने तेवढा करंट सोसावा अशी अपेक्षा ठेवू नका.

एसएसआर: एसी लोडसाठी प्रत्येक अँपिअरमागे १.२ वॅट धरले की काम भागतं.

मॉस्फेटला (स्विच म्हणून वापरला जाणारा ट्रान्झिस्टर) थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं. करंटचा वर्ग गुणिले चालू अवस्थेतला रोध, हे सूत्र सगळ्यांना ठाऊक असतं. पण डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा रोध २५ अंशांचा असतो. आयआरएफ३२०५ चा तो ८ मिलिओहम आहे, त्यामुळे २० अँपिअरला ३.२ वॅट येतात. मॉस्फेट तापून आतून १०० अंशांवर गेला की रोध दीडपटीच्याही पुढे जातो आणि तेच ३.२ वॅट ५ वॅट होतात. उष्णता वाढली की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते. हिशोब नेहमी तापलेल्या रोधावर करा.

पीडब्ल्यूएमने (सप्लाय वेगाने चालू-बंद करून) डीसी मोटर चालवताना आणखी एक गोष्ट सुटते: फ्रीव्हील डायोड, म्हणजे मॉस्फेट बंद असताना मोटरचा करंट वाहून नेणारा डायोड. मोटरमधून २० अँपिअर जात असतील आणि पीडब्ल्यूएम ५० टक्क्यांवर असेल, तर मॉस्फेटमध्ये अडीच वॅट जातात आणि ०.६ व्होल्टच्या शॉटकी डायोडमध्ये २० × ०.६ × ०.५ म्हणजे ६ वॅट. मॉस्फेटला मोठा हीटसिंक आणि डायोड बोर्डावर उघडा, असे बोर्ड सर्रास दिसतात. जळतो तो डायोड.

मॉस्फेट हिशोबापेक्षा खूप जास्त तापत असेल तर आधी गेटवरचा (मॉस्फेट चालू-बंद करणारा पाय) व्होल्टेज मोजा. आयआरएफ३२०५ ला पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तव्यासारखा तापतो. अशा वेळी हीटसिंक मोठा करून उपयोग नाही. गेट ड्रायव्हर लावा, नाहीतर आयआरएलझेड४४एन सारखा लॉजिक लेव्हलचा मॉस्फेट घ्या.

पायरी २: साखळीचा हिशोब

उष्णता चिपमधून निघून हवेत जाईपर्यंत तीन अडथळे ओलांडते: चिप ते भागाची पाठ, पाठ ते हीटसिंक, हीटसिंक ते हवा. तिन्ही अंश प्रति वॅटमध्ये मोजतात आणि त्यांची सरळ बेरीज होते. बेरजेला वॅटने गुणा, त्यात हवेचं तापमान मिळवा, की चिपचं तापमान येतं.

वरचंच ७८०५ घेऊ. हीटसिंक नसेल तर टीओ-२२० या बांधणीच्या अशा भागाचा चिप ते हवा अडथळा सुमारे ६५ अंश/वॅट असतो. ३.५ वॅटला तापवाढ २२७ अंश येते. ७८०५ मध्ये आतच संरक्षण आहे, त्यामुळे तो जळत नाही. मध्येच बंद पडतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो. 'सर्किट कधी चालतं, कधी नाही' या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण निघतं.

आता उलट्या बाजूने चला. चिपची कमाल मर्यादा १२५ अंश आहे, आपण ११० च्या पुढे जाऊ द्यायची नाही असं ठरवू. डब्याच्या आतली हवा ५० अंश धरा. हा आकडा जास्त वाटेल, पण विदर्भात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात आणि बंद डब्यात त्यावर आणखी चढतात. ११० वजा ५०, म्हणजे ६० अंश हातात राहिले. ६० भागिले ३.५ म्हणजे १७.१ अंश/वॅट. त्यातून चिप ते पाठ ५ आणि थर्मल पेस्टच्या (सांध्यात भरायचा उष्णतावाहक लेप) सांध्याचे ०.५ वजा केले की ११.६ उरतात. म्हणून १० अंश/वॅटचा छोटा हीटसिंक घ्या.

मोठं उदाहरण: २३० व्होल्टवर ३ किलोवॅटचा हीटर एसएसआरने चालवायचा आहे. करंट १३ अँपिअर, उष्णता सुमारे १६ वॅट. एसएसआरची पाठ ८० अंशांच्या आत ठेवायची आणि पॅनलमधली हवा ५० अंश. ३० भागिले १६ म्हणजे १.९ अंश/वॅट. सांध्यासाठी ०.२ सोडले की हीटसिंक १.७ अंश/वॅटचा हवा.

पायरी ३: अंश प्रति वॅटवरून आकार

डेटाशीट असेल तर उत्तम. पण नैसर्गिक हवेवरचा आकडा कोणत्या तापवाढीला दिला आहे ते त्यात पाहा. पुष्कळ ठिकाणी तो ७५ अंश तापवाढीचा असतो. हीटसिंक जितका जास्त तापतो तितकी हवा जोरात वर उचलली जाते. म्हणून तुम्ही तो फक्त ३० अंशच तापू देणार असाल, तर प्रत्यक्षातला अडथळा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघतो.

दुकानात कापून मिळणाऱ्या सेक्शनला (हीटसिंकच्या लांब पट्टीच्या तुकड्याला) डेटाशीट नसतं. तिथे क्षेत्रफळावरून अंदाज काढा. फिन (पात्यांसारखे उभे पत्रे) असलेल्या, पंखा नसलेल्या हीटसिंकसाठी दर चौरस मीटरला, दर अंशाला ७ वॅट उष्णता जाते असं धरा. १.७ अंश/वॅट हवा असेल तर १ भागिले (१.७ × ७), म्हणजे ०.०८४ चौरस मीटर, अर्थात ८४० चौरस सेंमी.

हे कशात बसतं? १०० मिमी रुंद, १०० मिमी लांब, ३५ मिमी उंचीच्या १० फिनचा सेक्शन घ्या. फिनच्या दोन्ही बाजू मिळून ७०० चौरस सेंमी, फिनमधली मोकळी जागा सुमारे ८०, आणि एसएसआरने व्यापलेली जागा सोडून पाठीचे ७५ च्या आसपास. बेरीज ८५० च्या जवळ येते. म्हणजे हा चालेल. पण पाठ पॅनलच्या पत्र्याला घट्ट चिकटवलीत तर ते ७५ धरू नका.

दुकानात उभं राहून आणखी चार गोष्टी तपासा.

फिनमधलं अंतर. पंखा नसेल तर ७ ते १० मिमी हवं. दाट फिनचा हीटसिंक दिसायला ताकदवान वाटतो, पण ३ मिमीच्या फटीतून हवा स्वतःहून वर चढत नाही. दाट फिन पंख्यासाठी असतात.

पायाची जाडी. ५ मिमीपेक्षा कमी नको. पाया पातळ असेल तर उष्णता भागाच्या खालीच साचते आणि टोकाचे फिन थंड राहतात.

लांबी. सेक्शन दुप्पट लांब घेतला की अडथळा निम्मा होत नाही, साधारण ३० टक्केच उतरतो, कारण खालून तापून आलेली हवा वरच्या अर्ध्या भागाला मिळते. गरज वाढली तर लांबीऐवजी रुंदी वाढवा.

मिश्रधातू. एक्स्ट्रूड केलेले (साच्याच्या तोंडातून दाबून काढलेले) सेक्शन बहुतेक ६०६३ चे असतात. त्याची उष्णतावाहकता सुमारे २०० वॅट प्रति मीटर-अंश आहे. डायकास्ट (साच्यात ओतून घडवलेल्या) भागांचा धातू, उदाहरणार्थ एडीसी१२, शंभराच्या खाली असतो. तांब्याचा आकडा ४०० च्या जवळ आहे, तरी पंख्याविना चालणाऱ्या हीटसिंकमध्ये तांबं घेऊन फारसं काही हाती लागत नाही. तिथे अडथळा धातूत नसतो, हवेत असतो. वजन मात्र सव्वातीन पट होतं.

रंगाबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. चकचकीत उघड्या ॲल्युमिनियममधून प्रारणाने (उष्णतेच्या किरणांच्या रूपात) फार कमी उष्णता जाते, उत्सर्जनक्षमता ०.१ च्या खाली. ॲनोडाइझ केलं (विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवला) की ती ०.८ च्या आसपास जाते. मग ते ॲनोडाइझिंग काळं असो की चंदेरी, फरक नगण्य. पंखा असेल तर हा मुद्दाच गौण होतो.

पायरी ४: पृष्ठभाग आणि भोक

लागणारं सामान: सेंटर पंच, २.५ मिमी ड्रिल आणि एम३ चा टॅप (एसएसआरसाठी ३.३ मिमी ड्रिल आणि एम४ चा टॅप), ८ ते १० मिमीचं एक जाड ड्रिल, रॉकेल, ४०० नंबरचा वॉटर पेपर, जाड काचेचा तुकडा, स्टीलची पट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल.

स्टीलची पट्टी उभी करून पृष्ठभागावर ठेवा आणि मागून उजेड पाहा. भागाच्या रुंदीत उजेडाची रेघ दिसली तर पृष्ठभाग सपाट नाही. २५ मिमीमध्ये ०.१ मिमीपर्यंतचा चढउतार पेस्ट भरून काढते, त्यापुढचा नाही. वॉटर पेपर काचेवर पसरा, पाणी टाका आणि हीटसिंक त्यावर इंग्रजी आठच्या (8) आकारात फिरवा. हातात कागद धरून घासू नका, त्याने कडा उतरतात आणि मध्ये फुगवटा राहतो. आरशासारखी चकाकी लागत नाही, सपाटी लागते.

भोक पाडण्याआधी पलीकडे फिन कुठे आहे ते पाहून खूण करा. भोक दोन फिनच्या मधल्या फटीत निघायला हवं. ॲल्युमिनियम ड्रिलला चिकटतं, म्हणून रॉकेलचे दोन थेंब टाकत राहा. टॅप अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असा फिरवा, नाहीतर एम३ चा टॅप आतच तुटतो आणि तो काढणं नवीन हीटसिंक घेण्यापेक्षा महाग पडतं.

भोकाच्या तोंडाशी धातूचा जो उभा काठ येतो, तो हा सगळा खटाटोप वाया घालवू शकतो. एवढासा काठ भागाला वर उचलून धरतो, नाहीतर इन्सुलेशनसाठी घातलेल्या अभ्रकाला (पायरी ५) भोक पाडून शॉर्ट करतो. जाड ड्रिल हातात धरून भोकावर दोन-तीन वेळा फिरवलं की तो निघतो. मशीनने करू नका. खोलगट वाटी झाली तर संपर्काचं क्षेत्र कमी होतं.

एकच भाग असेल तर तो मध्यभागी, निदान उभ्या मध्यापासून थोडा खाली बसवा. चार असतील तर एका कोपऱ्यात गोळा न करता समान अंतरावर पसरा.

पायरी ५: इन्सुलेशन कुठे हवं, कुठे नको

भागाच्या धातूच्या पाठीशी आतून कोणता पाय जोडलेला आहे, हे प्रत्येक वेळी डेटाशीटमध्ये पाहा. ७८०५ ची पाठ ग्राउंड असते. ७९०५ ची पाठ इनपुट असते. दोन्ही एकाच हीटसिंकवर थेट बसवले की निगेटिव्ह सप्लाय सरळ ग्राउंडला जोडला जातो. एलएम३१७ ची पाठ आउटपुट, मॉस्फेटची ड्रेन. ट्रायॅकमध्ये (एसी चालू-बंद करणारा भाग) बीटीए मालिकेची पाठ आतून इन्सुलेटेड असते, पण बीटीबी मालिकेची पाठ ए२ या पायाला जोडलेली, म्हणजे मेन्सवर (२३० व्होल्टच्या लाइनवर) चालवताना हीटसिंकच जिवंत होतो. नावातल्या एका अक्षराचा फरक आहे, दुकानातून आणताना नीट वाचा. एसएसआर आणि केबीपीसी ब्रिजची पाठ इन्सुलेटेड असते.

ॲनोडाइझिंगचा थर इन्सुलेटर आहे हे खरं, पण तो १० ते २५ मायक्रॉनचा असतो आणि एका ओरखड्यात जातो. त्याच्या भरवशावर कधीही राहू नका.

इन्सुलेशनसाठी दोन सोपे पर्याय आहेत. अभ्रकाचं पान स्वस्त आणि टिकाऊ, मात्र दोन्ही बाजूंना पेस्ट लागते. सिलिकॉन पॅड कोरडाच बसवायचा, त्यावर पेस्ट लावू नका. टीओ-२२० साठी दोन्हींचा अडथळा १ ते १.५ अंश/वॅटच्या आसपास जातो, नुसत्या पेस्टपेक्षा दुप्पट-तिप्पट. हा आकडा साखळीच्या बेरजेत घ्या. स्क्रूसाठी प्लास्टिकचा खांदेवाला बुश लागतो, तो विसरला तर पान असूनही स्क्रूमधून शॉर्ट होतं.

पायरी ६: पेस्ट आणि आवळणं

दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिलने पुसा आणि नंतर बोट लावू नका. टीओ-२२० साठी मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. एसएसआरच्या पाठीवर पातळ थर पसरवा, इतका की खालचा धातू जेमतेम झाकला जाईल. साधी पांढरी पेस्ट हवेपेक्षा तीसेक पट चांगली वाहक आहे, पण ॲल्युमिनियमपेक्षा दोनशेपटींहून वाईट. तिचं काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक खड्ड्यांतली हवा हाकलणं. जाड लेप दिला की तोच नवा अडथळा होतो.

टीओ-२२० चा एम३ स्क्रू ०.५ ते ०.६ न्यूटन-मीटरला आवळा. टॉर्क ड्रायव्हर नसेल तर स्क्रू बोटाने टेकवा, नंतर छोट्या हँडलच्या स्क्रू ड्रायव्हरने पाऊण फेरीच्या आसपास फिरवा आणि थांबा. डोक्याखाली सपाट वॉशर हवाच. स्क्रू पाठीच्या एका टोकाला आहे आणि चिप दुसऱ्या टोकाला. जास्त आवळलं की स्क्रूखालची बाजू दबते आणि नेमकी चिपखालची बाजू उचलली जाते. पैसे परवडत असतील तर स्प्रिंग क्लिप वापरा, ती थेट चिपच्या वर दाबते आणि तापून-निवून सैल होत नाही.

एसएसआरचे दोन्ही एम४ स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर पाठ तिरकी बसते.

सोल्डरिंग सर्वांत शेवटी. आधी भाग हीटसिंकवर बसवा, मग पाय सोल्डर करा. उलटं केलं तर स्क्रूचा सगळा ताण पायांवर येतो आणि काही महिन्यांनी सोल्डरला भेग पडते. पाय वाकवायचे असतील तर भागापासून ३ मिमीवर चिमट्याने धरून वाकवा.

इन्सुलेशन केलं असेल तर सप्लाय देण्याआधी पाठ आणि हीटसिंक यांच्यामधला रोध मल्टिमीटरच्या सर्वांत वरच्या रेंजवर तपासा. मेन्सचं काम असेल तर वायरिंग जोडण्याआधी भागाचे सगळे पाय एकत्र जोडून हीटसिंकशी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावा. आणि मेन्सच्या पॅनलमध्ये हीटसिंकला अर्थिंगची वायर जोडाच. त्या जागेचं ॲनोडाइझिंग खरवडा, दातेरी वॉशर घाला.

पायरी ७: हवेचा रस्ता

फिन उभे ठेवा. आडवे ठेवले की गरम हवा फिनमध्येच अडकते आणि क्षमता सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. हीटसिंकच्या खाली आणि वर किमान ५० मिमी मोकळं सोडा. वायरिंगचा डक्ट फिनच्या अगदी डोक्यावर बसवलेला पुष्कळ पॅनलमध्ये दिसतो, त्याने उभ्या फिनचा फायदाच जातो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हीटसिंकच्या शेजारी किंवा वर नको. त्याचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं.

बंद डब्यात हीटसिंक ठेवलात तर तो डब्यातली हवाच तापवत राहतो आणि पायरी २ मधले ५० अंश हां हां म्हणता ६५ होतात. शक्य असेल तर पॅनलला खिडकी कापून फिन बाहेर काढा आणि सांध्याला रबरी गॅस्केट लावा. शेतातल्या सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये फिन पाठीमागे बाहेर असतात ते यासाठीच. तो कंट्रोलर सावलीत, सौर पॅनेलच्या खाली बसवायला हवा.

पंखा लावायचा तर दोन हिशोब करा. हीटसिंकचा अडथळा पंख्याने साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो. आणि डब्यातून जाणारी हवा किती तापेल ते असं काढा: १.७६ गुणिले वॅट, भागिले सीएफएम (दर मिनिटाला किती घनफूट हवा). ८० मिमीच्या पंख्यावर ३० सीएफएम लिहिलं असेल तर जाळी आणि फिनमधून निम्मेच मिळतील असं धरा. १०० वॅटला १५ सीएफएमवर हवा १२ अंश तापते. पंख्याच्या मधल्या गोल भागाखाली हवा नसते, म्हणून पंखा फिनपासून १० ते २० मिमी दूर ठेवा.

पंखा बंद पडणारच, असं धरून काम करा. हीटसिंकवर केएसडी३०१ चा ८० अंशांचा, एरवी जोडलेला राहणारा आणि तापल्यावर तुटणारा (एनसी) थर्मोस्टॅट स्क्रूने बसवा आणि एसएसआरच्या कंट्रोल सिग्नलच्या मालिकेत जोडा. एवढ्याने पूर्ण संरक्षण होत नाही, कारण एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतो आणि कंट्रोल सिग्नल काढला तरी हीटर चालूच राहतो. भट्टी किंवा गिझरसारख्या कामात एसएसआरच्या मालिकेत वेगळा कॉन्टॅक्टर (मोठ्या करंटचा रिले) हवा आणि त्याला स्वतंत्र थर्मोस्टॅट.

पायरी ८: चाचणी

पाच मिनिटं चालवून हात लावून 'काही तापत नाही' म्हणणं ही सर्वांत सामान्य चूक. आपल्या उदाहरणातला हीटसिंक सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास आहे. एक अंश तापायला त्याला सुमारे २९० जूल लागतात. १६ वॅटवर तो आठ मिनिटांत जेमतेम ६३ टक्के तापवाढ गाठतो आणि स्थिर व्हायला ३५ ते ४० मिनिटं घेतो. पूर्ण लोडवर, डब्याचं झाकण लावून, किमान एक तास चालवा.

तापमान के टाइप थर्मोकपलने (तापमान मोजणारी तारांची जोडी) मोजा. त्याचं टोक भागाच्या पाठीला, शक्य तितकं चिपजवळ, पेस्टच्या थेंबासह टेकवा. हे टोक उघडं धातूचं असतं, त्यामुळे मेन्सवर इन्सुलेशन नसलेल्या पाठीला ते लावू नका. इन्फ्रारेड गन चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटं सांगते, ९० अंशांचा हीटसिंक ४० दाखवू शकते. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, तो तापू द्या आणि नेम त्यावर धरा.

तीन आकडे लिहून ठेवा: भागाची पाठ, हीटसिंक (भागापासून २० मिमीवर) आणि डब्यातली हवा. चूक कुठे आहे हे त्यांच्यातल्या फरकावरून कळतं.

पाठ आणि हीटसिंक यांत हिशोबापेक्षा जास्त फरक असेल तर सांधा खराब आहे: काठ राहिलाय, पेस्ट जाड आहे किंवा स्क्रू जास्त आवळलाय. उघडून पाहा. पेस्टचा ठसा सगळीकडे सारखा पातळ हवा. एका बाजूला जाड पांढरी पेस्ट तशीच असेल तर भाग तिरका बसला होता.

हीटसिंक आणि हवा यांत जास्त फरक असेल तर क्षेत्रफळ कमी आहे, फिन आडवे आहेत किंवा रस्ता अडला आहे.

डब्यातली हवाच तापलेली असेल तर हीटसिंक मोठा करू नका. डब्याला खाली आणि वर छिद्रं पाडा.

तिन्ही फरक हिशोबाबरहुकूम आहेत आणि तरी सगळं जास्त तापतंय, तर पायरी १ मधले वॅट चुकले आहेत.

नंतरची देखभाल

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर आणि विदर्भातल्या जिनिंगमध्ये कापसाचं तंतू फिनमध्ये अडकतं आणि थोड्याच दिवसांत गोधडीसारखा थर बनतो. अशा ठिकाणी दाट फिन आणि पंखा हे जोडीने नकोच. १० मिमी अंतराचे फिन, मोठं क्षेत्रफळ आणि पंख्याविना चालणारी मांडणी निवडा. खर्च थोडा वाढतो, पण पॅनल दर आठवड्याला उघडावं लागत नाही. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा उघड्या ॲल्युमिनियमला खाते, तिथे ॲनोडाइझ केलेलाच घ्या आणि तांब्याची पट्टी किंवा लग त्याला थेट टेकू देऊ नका. मध्ये कथिलाचा मुलामा दिलेला लग वापरा.

साफ करताना सप्लाय तोडा, कपॅसिटरमधला चार्ज उतरू द्या, मग कोरड्या ब्रशने वरून खाली झाडा. हवेचा दाब वापरणार असाल तर पंख्याचं पातं हाताने धरा, मोकळं सोडलं तर ते वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

जळालेला भाग बदलताना जुनी पेस्ट पूर्ण पुसून काढा आणि अभ्रक किंवा पॅड नवीनच घाला. जुन्या पॅडवर आधीच्या भागाचा ठसा उमटलेला असतो, नवा भाग त्यात बरोबर बसत नाही. नवा भाग बसवल्यावर तासभराची चाचणी पुन्हा घ्या आणि आधी लिहून ठेवलेल्या तीन आकड्यांशी ताडून पाहा.